उचंत खातं : भावाशी फारकत झालेल्या एका हिशेबी माणसाची वही

छातीत गच्च होतंय म्हणून ते आधी डॉक्टरांकडे गेले होते. ईसीजी झाला, ट्रेडमिलवर चालवून झालं, रक्त तपासून झालं. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर माझं, म्हणजे एका समुपदेशकाचं, नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी खिशात ठेवून त्यांनी आणखी दोन महिने काढले, आणि एका संध्याकाळी कामावरून परस्पर माझ्यासमोर येऊन बसले. हातात फाइल होती, तीत सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले. "यात काही नाही म्हणतात," ते म्हणाले, "मग आहे काय ते तुम्हीच सांगा."

वय ४८. धाकट्या भावाबरोबर १९ वर्षं यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना चालवलेला. धाकटा यंत्रं आणि गिऱ्हाइकं बघायचा, हे हिशेब बघायचे. चौदा महिन्यांपूर्वी धाकटा वेगळा झाला. दोन कारागीर आणि एक मोठं गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग गेलं. भागीदारी मोडल्याचे कागद झाले, वाटणी झाली, पै न पै चुकती झाली. "आता बाकी काही राहिलं नाही," हे वाक्य त्या पहिल्या तासात त्यांनी चार वेळा म्हटलं.

(ओळख लागू नये म्हणून वय, व्यवसाय आणि घरच्यांचे तपशील मी बदलले आहेत. हिशेब लिहिण्याची त्यांची सवय तेवढी तशीच ठेवली आहे. ती काढली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.)

बाकीचं चित्र नेहमीचंच. रात्री तीनला जाग, मग उजाडेपर्यंत डोळे टक्क उघडे. घरात बोलणं जवळपास बंद. चौदा वर्षांच्या मुलीने न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला म्हणून हे तिच्यावर वीस मिनिटं ओरडले, आणि तेव्हापासून हे ज्या खोलीत असतील तिथून ती उठून जाते. त्यांच्या तोंडून मला यातलं एवढंच कळलं, "त्या दिवशी आवाज जरा चढला." वीस मिनिटांचा आकडा बायकोचा.

नैराश्य किती आहे याचा अंदाज घेणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९. तीत २७ पैकी १४ आले, म्हणजे मध्यम. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर कागदावर काहीही असलं तरी मी पुन्हा तोंडी विचारते. "नाही, तसलं काही नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. उत्तर दुसरं असतं तर मी वहीचं नावही काढलं नसतं. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग बाकीचं.

त्या तासात मी एक गोष्ट मोजली. पन्नास मिनिटांत मनाच्या अवस्थेचे म्हणता येतील असे दोनच शब्द आले. एक 'टेन्शन', दुसरा 'डोकं फिरतं'. उरलेलं सगळं 'ठीक आहे'मध्ये मावलं होतं. पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकात भावनांना शब्द न सापडण्याच्या या अवस्थेला 'अॅलेक्सिथायमिया' असं नाव दिलं. पुढे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी मांडलं की तिचा सौम्य प्रकार बऱ्याच पुरुषांत दिसतो. तो आजार म्हणून नसतो, मुलग्यांना वाढवण्याच्या पद्धतीतून येतो. मी यांना विचारलं, लहानपणी कुणी रडू नको म्हणायचं का? त्यांनी बराच विचार केला. "तसं कुणी म्हटलेलं आठवत नाही," म्हणाले. "तशी वेळच आली नाही."

वरीलप्रमाणे

इथे माझी पहिली चूक झाली. मी त्यांना तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते. रोज रात्री पंधरा मिनिटं, मनात येईल ते लिहा, व्याकरण बघू नका, कुणाला दाखवायचं नाही. हा पंधरा मिनिटांचा आकडा हवेतून आलेला नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली छापलेल्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं होतं. त्यातल्या काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल घडलेलंही लिहिलं आणि वाटलेलंही लिहिलं. पुढच्या सहा महिन्यांत हे विद्यार्थी दवाखान्याची पायरी कमी वेळा चढले. या प्रयोगावर नंतर ढिगाने काम झालं आहे.

आठवड्याने ते वही घेऊन आले. मी मागितली नव्हती, त्यांनीच उघडून पुढे सरकवली.

सोमवार. दिवस ठीक. झोप नाही.
मंगळवार. ठीक. झोप कमी.
बुधवार. वरीलप्रमाणे.

गुरुवारपासून रविवारपर्यंत नुसत्या तारखा आणि खाली खुणेच्या दोन रेघा. मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं की या माणसाने प्रामाणिकपणे सात दिवस पंधरा-पंधरा मिनिटं कोऱ्या पानासमोर बसून काढली आहेत, घड्याळ लावून. "मॅडम, मला लिहिता येत नाही," ते म्हणाले. जो माणूस वर्षानुवर्षं रोज न चुकता लिहितो, तो हे म्हणत होता.

कारण कारखान्यात संगणक होता, सॉफ्टवेअर होतं, तरी दिवस संपताना ते हाताने कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायचे. का, असं विचारलं तर त्यांचा चेहराच बदलला. मला दहा मिनिटांचं व्याख्यान मिळालं. संगणकात आकडा बदलला तरी पत्ता लागत नाही, वहीत खोड दिसते. चुकलं तर रबर वापरायचं नाही, एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. प्रत्येक नोंदीला दोन बाजू; कुणाच्या तरी नावे, कुणाला तरी जमा. आणि खाली स्पष्टीकरण, म्हणजे रक्कम कशाबद्दल. "स्पष्टीकरणाशिवाय नोंद लंगडी," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही, हे काय होतं."

मी म्हटलं, मग तसंच लिहा. 'मनात येईल ते' विसरा. किती वाजता, काय घडलं, अंगात कुठे काय झालं, त्यावर तुम्ही काय केलंत. आणि खाली, कशाबद्दल.

पुरुषांना लिहायला सांगताना आपण बहुतेकदा त्यांच्या हातात दुसऱ्याचं पेन देतो, असं मला या प्रकरणापासून वाटायला लागलं आहे. भावनांची नावं लिहिलेलं एक रंगीत चक्र समुपदेशकांकडे असतं. त्याचं मराठी भाषांतर मी बरीच वर्षं वापरलं. ते वाचताना सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटतं. त्यात 'निराशा' असते, 'अपराधीपणा' असतो. 'रुखरुख' नसते, 'चुटपुट' नसते, 'घालमेल' नसते. घरात कुणी 'मला अपराधीपणा जाणवतोय' म्हणतं का? 'रुखरुख लागून राहिली आहे' मात्र कुणीही म्हणतं.

आरोपपत्र

पुढच्या तीन आठवड्यांत साठ पानं भरली. मी खूश होते. सहकाऱ्यांना सांगितलंसुद्धा, याचं जरा वाईट वाटतं आता.

मग बायकोचा फोन आला. आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं की तिला काही सांगायचं असेल तर ती सांगू शकते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही यांना काय लिहायला लावलंय? आधी नुसते गप्प असायचे. आता वही मिटतात आणि दारं आपटतात."

पुढच्या भेटीत मी विचारून वही बघितली. पहिली चार-पाच पानं मी सांगितल्याप्रमाणे होती. सहाव्या पानापासून नोंदींच्या तारखा मागे सरकल्या. गेल्या वर्षीच्या, मग दहा वर्षांपूर्वीच्या, मग थेट कारखाना सुरू झाला त्या वर्षाच्या. कोणत्या यंत्राच्या वेळी धाकट्याने कुणाला न विचारता सौदा केला, कुठे उशिरा आला, कुणासमोर काय बोलला. साक्षीदार, चेकचे नंबर, सगळं. साठ पानांत एकच खातं होतं, धाकट्याचं, आणि त्यात सगळं नावे टाकलेलं.

एक प्रसंग तर सात वेळा आला होता. शेवटच्या दिवशी धाकटा कार्यालयात आला आणि किल्ली देऊन गेला. सातही वेळा वाक्यं तीच. "किल्ली टेबलावर टाकली. एक शब्द बोलला नाही."

लिहिण्याने मन हलकं होतं हे इतक्यांदा म्हटलं जातं की ते कधी जडही होतं हे सांगायचं राहून जातं. जोडीदारापासून नुकत्याच वेगळ्या झालेल्या ९० जणांवर डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१३ साली छापला गेला. ज्यांचा स्वभाव मुळातच तेच तेच उगाळत बसण्याचा होता, त्यांनी मनातलं खोलात जाऊन लिहिलं तेव्हा ते, रोजच्या कामांची साधी नोंद करणाऱ्यांपेक्षा, मागे पडले. भावाशी झालेली फारकत ही घटस्फोटापेक्षा फार वेगळी असते असं मला वाटत नाही. एकोणीस वर्षं रोज आठ-दहा तास शेजारी, कित्येक नवरा-बायको एवढा वेळ एकत्र नसतात. फरक इतकाच की भावापासून वेगळं झाल्यावर कुणी सांत्वनाला येत नाही. धंद्यातली गोष्ट, व्यवहार झाला, संपलं.

आणि पेनेबेकर यांचंच दुसरं निरीक्षण आहे, १९९७ सालचं. लिहिणाऱ्यांच्या मजकुरातले शब्द मोजले तेव्हा दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळे', 'लक्षात आलं' अशा जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. सांगायची गोष्ट पहिल्या दिवशीपासून पक्की असेल तर ती पुन्हा पुन्हा लिहून पाठ होते, एवढंच. यांची 'किल्ली' सात वेळा जशीच्या तशी होती. स्वल्पविराम हलला नव्हता.

मी विचारलं, "हे कुणासाठी लिहिलंय?"

"तुम्हीच सांगितलं म्हणून."

"मी वाचणार नव्हते. तुम्हालाही चेकचे नंबर पाठ आहेत. मग हे साक्षीदार कुणासाठी?"

त्यांनी वहीची पानं उलटसुलट केली. "उद्या कुणी विचारलं तर असावं."

"कोण विचारणार?"

"कुणीही. ऑडिटर समजा." ते हसले. मग हसू उतरलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आई असती तर तिने विचारलं असतं." आणि लगेच पुढच्या भेटीची वेळ विचारायला लागले.

त्या शब्दामागे मी गेले नाही. त्या दिवशी जायला हवं होतं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण एक उलगडलं. हा माणूस वहीत मोकळा होत नव्हता, बचाव तयार करत होता. आणि बचावाच्या कागदात आपल्या बाजूची खोड कोण ठेवील?

किल्ली

दोन गोष्टी बदलल्या. पहिली, रात्री नऊनंतर ही वही उघडायची नाही. झोपण्याआधी लिहायचंच असेल तर वेगळ्या कागदावर उद्याची कामं, पाच मिनिटं. मायकेल स्कलिन यांच्या प्रयोगशाळेत ५७ तरुणांवर झालेल्या, २०१८ साली छापलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं आधी झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे काही फार नव्हे. पण भावाचं खातं उशाशी घेऊन झोपण्यापेक्षा बरं.

दुसरी, धाकट्याचं खातं बंद. फक्त एक प्रसंग लिहायचा, किल्लीचा, लागोपाठ तीन दिवस, रोज वीस मिनिटं. आणि 'मी' हा शब्द वापरायचा नाही. 'थोरला' आणि 'धाकटा', दुसऱ्याच घरातले दोन भाऊ असल्यासारखं. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या कामातून हे घेतलेलं आहे. स्वतःकडे स्वतःच्या नावाने, म्हणजे त्रयस्थासारखं बघितलं की माणूस दुखऱ्या प्रसंगात तेवढा बुडत नाही, असं त्यांना आढळलं. मराठीत याला वेगळं शिकवावं लागत नाही. रागाच्या भरात आपण स्वतःलाच 'काय रे, वेडा झालास का' म्हणतो तेव्हा तेच करत असतो.

पुढच्या वेळी त्यांनी वही माझ्याकडे दिली नाही. स्वतः वाचून दाखवली, चष्मा नाकावर खाली ओढून, पावत्या वाचाव्यात तशा आवाजात.

पहिला दिवस. "धाकटा आला. किल्ली टेबलावर टाकली. एक शब्द न बोलता गेला."

दुसरा दिवस. "धाकटा दुपारी आला. टेबलासमोर उभा राहिला. किल्ली ठेवली आणि गेला."

तिसरा दिवस. "थोरला महिन्याची बेरीज करत होता. धाकटा आला आणि उभा राहिला. तो उभा आहे हे थोरल्याला दिसत होतं. बेरीज दोनदा चुकली. किल्ली ठेवल्याचा आवाज झाला. थोरल्याने मान वर केली नाही."

'टाकली'ची 'ठेवली' झाली होती. मी ते बोलले नाही, त्यांनाही ते दिसलं होतं की नाही कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुसतच राहिले. मग म्हणाले, "बेरीज दोनदा चुकली हे मला आठवतच नव्हतं."

इथे काही उजळलं-बिजळलं नाही. त्यानंतरचे दोन दिवस त्यांना आधीपेक्षा जड गेले, झोप पार उडाली. याची कल्पना मी देऊन ठेवली होती. १९८६च्या त्याच प्रयोगात लिहून उठल्यावर लगेच विद्यार्थ्यांचं मन जास्त खिन्न होतं, रक्तदाबही वाढलेला होता. फायदा मागाहून, महिन्यांच्या हिशेबात दिसला. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी वही फेकून देतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

उचंत

आता एक अडचण आली. 'कशाबद्दल' या ओळीवर ते अडायला लागले. आधी ती ओळ सोपी होती, कारण प्रत्येक वेळी उत्तर 'त्याच्यामुळे' असं होतं. ते उत्तर गेल्यावर हात थांबला. मी शब्द सुचवले, रुखरुख, खंत, हुरहूर. ते मान हलवायचे, पण लिहायचे नाहीत. खोटं लिहिणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं.

तोडगा त्यांनीच काढला. "आमच्यात एखादी रक्कम येते आणि कळत नाही कशाची, तेव्हा ती उचंतला टाकतात. खातं सापडलं की मग तिकडे वर्ग करायची. तसं चालेल का?"

चालेल का! मी वीस वर्षांत वाचलेल्या कुठल्याही कार्यपुस्तिकेत हे नव्हतं. 'ओळखा आणि नाव द्या' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. 'ओळख पटेपर्यंत ठेवून द्या, पण नोंद चुकवू नका' असं कुणी लिहिलेलं नव्हतं. वाटलेलं शब्दांत पकडलं की त्याचा जोर थोडा कमी होतो, हे मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या मेंदूच्या चित्रणांवरून बरंच गाजलं. पण शब्द घाईने पकडला की माणूस 'टेन्शन' असा शिक्का मारून मोकळा होतो. उचंतात शिक्का मारावा लागत नाही.

त्या पानावरच्या काही नोंदी त्यांच्या परवानगीने देते.

"दुपारी ४. मोठ्या यंत्राच्या पट्ट्याचा आवाज बदलला. तो असता तर न बघता सांगितलं असतं कुठला. घशात काहीतरी आलं. उचंत."

"सकाळी ८. हाताने दोन चाव्या उचलल्या. एक परत ठेवली. उचंत."

"रात्री ८. मुलीने विचारलं, काका येणार का. मी वर्तमानपत्र उघडलं. उचंत."

साधारण पाच आठवड्यांनी पहिली रक्कम वर्ग झाली. पट्ट्याच्या आवाजाच्या नोंदीसमोर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "करमत नाही." मला म्हणाले, "मॅडम, मुलगी शिबिराला जाते तेव्हा ही म्हणते, घरात करमत नाही. मी कधी म्हटलेलं नाही. पण आहे ते हेच." एकोणीस वर्षांच्या भागीदाराबद्दल ते 'डोकं फिरतं'पासून 'करमत नाही'पर्यंत आले होते. राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. दोन कारागीर खरेच गेले, गिऱ्हाईक खरंच गेलं. पण रागाच्या खात्यात दुसऱ्याही कितीतरी रकमा पडून होत्या.

नोकरी गेलेल्या अनुभवी तंत्रज्ञांवर १९९४ साली एक अभ्यास छापला गेला. ज्यांनी पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दलचे विचार आणि भावना लिहिल्या, त्यांना वेळेच्या नियोजनाबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर नवी नोकरी मिळाली. गंमत म्हणजे त्यांनी मुलाखती काही जास्त दिल्या नव्हत्या. संशोधकांचा तर्क असा की जुन्या मालकावरचा राग आधीच कागदावर निवल्यामुळे तो मुलाखतीत डोकावला नाही. आमच्या प्रकरणात मुलाखत नव्हती, चौदा वर्षांची मुलगी होती.

महिनाअखेरीला ते एकदा वैतागून आले. त्यांनी सवयीने तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची नावे-जमा बेरीज, मांडायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही बाजू जुळत नव्हत्या. मी म्हटलं, नाही जुळणार. हे त्यांना अजिबात पटलं नाही, अजूनही पटलेलं असेल असं वाटत नाही.

वही कुठे ठेवायची याचाही घोळ झाला. ती कारखान्याच्या वह्यांत राहायची. एक दिवस घरी आणली आणि बायकोने आवरताना उचलून नीट ठेवली. तिने उघडली नव्हती. तरी आठ दिवस यांनी लिहिलं नाही. पुरुष लिहिणं सोडतात तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच असतं, असा माझा अनुभव आहे, आणि ते कारण कुणी सांगत नाही. 'वेळ मिळाला नाही' सांगतात. शेवटी त्यांनी बायकोला एक वाक्य सांगितलं, "ती वही माझी आहे, हिशेबाची नाही." तिने मला नंतर सांगितलं की लग्नानंतर त्यांनी कुठलीही वस्तू फक्त आपली आहे असं पहिल्यांदाच म्हटलं.

काय बदललं, काय नाही

पाच महिन्यांत बारा भेटी झाल्या. प्रश्नावलीत १४चे ७ झाले. तीनला जाग येणं आठवड्यातून दोनदा-तीनदावर आलं. छातीत गच्च होणं अधूनमधून असतं, पण आता ते आधी घड्याळ बघतात आणि वहीत वेळ टाकतात. मुलगी त्यांच्या खोलीत अभ्यासाला बसायला लागली आहे. बोलत नाही. बसते पण.

याचं सगळं श्रेय वहीला द्यायला मी तयार नाही. याच काळात त्यांनी सकाळी चालायला सुरुवात केली, एक नवा कारागीर मिळाला, आणि पाच महिने नुसते गेले हेही काही कमी नाही. जोॲन फ्रॅटारोली यांनी २००६ साली असे १४६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा लिहिण्याचा सरासरी परिणाम खरा होता पण लहान होता. काहींना बराच उपयोग, काहींना काहीच नाही. यांच्या बाबतीतही बोलणं आणि लिहिणं वेगळं काढता येणार नाही. तिसऱ्या दिवसाची 'किल्ली' वहीत लिहिली गेली, पण ती खरी झाली मोठ्याने वाचताना, समोर कुणीतरी बसलेलं असताना.

भावांची दिलजमाई झालेली नाही. आईबद्दल ते अजून बोललेले नाहीत.

शेवटच्या भेटीत त्यांनी एक पान दाखवलं. मोठ्या यंत्राचा आवाज पुन्हा बदलला होता, नवा कारागीर दोन दिवस शोधत होता. यांनी धाकट्याला फोन लावला. त्याने उचलला. नोंद अशी होती, "सायंकाळी ६.१०. फोन केला. ४ मिनिटं. डावीकडचं बेअरिंग बदल म्हणाला. हात थरथरत होता. बेअरिंग बदललं." त्याखाली, कशाबद्दल, तर 'बेअरिंगबद्दल'.

त्या शब्दावर एक सरळ रेघ मारलेली होती. शेजारी सही. आणि वर, बारीक अक्षरात, 'उचंत'.